ठिबकचं अनुदान (महाडीबीटी): निवड झाल्यावर पैसे नेमके कुठे अडकतात?

शिवारनोंद

महाडीबीटी (राज्य सरकारचं अनुदान अर्जांचं पोर्टल) वरून ठिबकसाठी निवड झाल्याचा मेसेज आला की लोक थेट दुकान गाठतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हंगाम तोंडावर आहे, म्हणून सगळी प्रक्रिया एका जागी लिहितोय. दुरुस्त्या सांगा, भर घाला.

आधी अनुदानाची रचना. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' घटकातून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के मिळतात. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक अनुदान देतं. म्हणून आपण ८० आणि ७५ टक्के म्हणतो. या दोन वेगळ्या योजना आहेत, त्यामुळे रक्कम दोन हप्त्यांत आणि मागेपुढे जमा होऊ शकते. पहिली रक्कम पाहून 'अनुदान कापलं' म्हणून ओरड करण्याआधी दुसरी यायची आहे का ते पाहावं.

अल्प भूधारक म्हणजे एकूण धारणा २ हेक्टरपर्यंत, अत्यल्प म्हणजे १ हेक्टरपर्यंत. हे ८अ वरून (आपल्या नावावरच्या एकूण जमिनीचा खाते उतारा) ठरतं, ज्या गटात (जमिनीच्या तुकड्यात) ठिबक बसवायचं त्या गटाच्या क्षेत्रावरून नाही. एका लाभार्थ्याला जास्तीत जास्त ५ हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो आणि एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर पुन्हा लाभ ७ वर्षांनंतरच.

आता क्रम. शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) हवा, २०२५ पासून त्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर पोर्टलवर 'सिंचन साधने व सुविधा' मध्ये अर्ज. पूर्वी सोडत निघायची, आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य आहे. म्हणजे अर्ज लवकर आणि पूर्ण भरलेला हवा. निवड झाल्यावर ७/१२, ८अ, दरपत्रक (विक्रेत्याचं कोटेशन) आणि लागू असेल तर जातीचा दाखला अपलोड करायचा. मग पूर्वसंमती, म्हणजे कृषी विभागाची खरेदीला परवानगी. त्यानंतर खरेदी आणि जोडणी, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी (अधिकारी शेतात येऊन संच पाहतात ती), मग पैसे.

सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात ते एका तारखेमुळे: बिल पूर्वसंमतीच्या आधीचं असतं. दुकानदार म्हणतो 'माल घेऊन जा, संमती येईलच'. माल नेला, बिल फाडलं, संमती आठवड्याने आली, तर ते बिल चालत नाही. निवड वेगळी, पूर्वसंमती वेगळी. पत्र हातात (म्हणजे लॉगिनमध्ये) दिसेपर्यंत बिल करू नका. पत्रावर मुदतही असते, साधारण ३० दिवसांची. तेवढ्यात काम संपवून बिल चढवायचं.

सातबारा_वाचक

तारखेच्या आधी एक पायरी आहे, फार्मर आयडीतले गट. आयडी काढताना आपल्या नावावरच्या सगळ्या जमिनी निवडाव्या लागतात. दुसऱ्या गावातलं किंवा दुसऱ्या तालुक्यातलं खातं राहून गेलं तर अर्ज करताना तो गट यादीत दिसतच नाही. आयडी काढल्यानंतर खरेदी, वाटणी किंवा वारसाचा फेरफार मंजूर झाला असेल तरी तीच गत. तेव्हा आधी आयडीत जमीन अद्ययावत करून घ्या, अर्ज नंतर. अर्ज भरून मग आयडी दुरुस्त करायला गेलात तर अर्जातलं क्षेत्र जुनंच राहतं आणि तपासणीत तफावत निघते.

राहिलेला गट नंतर जोडल्यावर एकूण धारणा २ हेक्टरच्या वर जात असेल तर तुम्ही ८० वरून ७५ टक्क्यांवर येता. तो गट मुद्दाम लपवू नका. सगळ्या गावांचे ८अ मागितले की सगळं उघड होतं आणि प्रस्ताव परत येतो.

आणि नाव. आधारवर 'पांडुरंग', ७/१२ वर 'पांडु', असा फरक असेल तर आयडीच अडकते. ७/१२ वरचं नाव तलाठ्याकडे (ग्राम महसूल अधिकारी) अर्ज देऊन दुरुस्त होतं, पण लेखनातली चूक असेल तरच. नावच वेगळं असेल तर आधार दुरुस्त करणं जास्त सोपं पडतं.

काजूवाडी

आमच्याकडे कोकणात एका ७/१२ वर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचंच. अर्धे मुंबईला, काही वारलेले आणि वारस नोंद नाही. अशा वेळी ठिबक कुणाच्या नावाने घ्यायचं?

सातबारा_वाचक

काजूवाडी, ज्याच्या नावाने अर्ज त्याचं नाव ७/१२ वर हवंच. बाकी सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं आणि त्यात गट नंबर, क्षेत्र, 'ठिबक संचासाठी अनुदान घेण्यास हरकत नाही' एवढा स्पष्ट उल्लेख हवा. मोघम संमती परत येते. मयत खातेदार असतील तर आधी वारस नोंद, कारण मयताच्या जागी सही करायला कायद्याने कुणी नसतं. क्षेत्र किती धरायचं हाही प्रश्न येतो. ८अ वर तुमच्या हिश्श्याला जेवढं येतं तेवढंच धरा. पूर्ण गटाचं क्षेत्र टाकलं तर इतर हिस्सेदाराचा अर्ज आला की दोन्ही अडकतात.

मीटरटेप

आता दरपत्रकाकडे या. लोक ८० टक्के ऐकतात आणि बिलाच्या ८० टक्के समजतात. अनुदान खर्च मापदंडावर, म्हणजे सरकारने हेक्टरी ठरवलेल्या खर्चावर मिळतं. बिल मापदंडापेक्षा कमी असेल तर बिलावर.

२०२१ मध्ये सुधारलेल्या मापदंडात एका हेक्टरला १.२ × ०.६ मीटर (दोन ओळींतलं × ओळीतलं) अंतरासाठी १,२७,५०१ रुपये, १.५ × १.५ साठी ९७,२४५ आणि ५ × ५ साठी ३९,३७८ रुपये होते. तुमच्या वर्षाचा तक्ता तालुका कृषी कार्यालयात पाहून घ्या, हिशोबाची पद्धत तीच राहते.

अल्प भूधारक, १ हेक्टर, १.५ × १.५:
मापदंड ९७,२४५
केंद्राचे ५५ टक्के = ५३,४८५
राज्याचे २५ टक्के = २४,३११
एकूण ७७,७९६

बिल १,२०,००० आलं तर खिशातून ४२,२०४ जातात, म्हणजे बिलाच्या मानाने अनुदान ६५ टक्क्यांच्याही आत येतं. तेच बिल १,००,००० वर आणलं तर खिशातून २२,२०४. अनुदानाची रक्कम दोन्हीकडे तीच. वरचा प्रत्येक रुपया शंभर टक्के शेतकऱ्याचा. म्हणून दरपत्रक एका विक्रेत्याचं घेऊन थांबू नका, निदान तिघांकडून घ्या आणि एकेक ओळ ताडून पाहा.

निशिगंध

मीटरटेप दादा, मग उघड्या बाजारातलं बिनमार्कचं साहित्य ६० हजारात बसवून मोकळं व्हावं असं बरेच जण म्हणतात. पूर्ण रक्कम आधी भरायची, वर्ष-वर्ष थांबायचं, त्यापेक्षा ते परवडतं का?

मीटरटेप

निशिगंध ताई, हिशोब करूनच बोलू. तुमचा ६० हजारांचा आकडा धरतो.

१,२०,००० चं बिल, पैसे १२ टक्के व्याजाचे, अनुदान एका वर्षाने: ४२,२०४ अधिक व्याज १४,४०० = ५६,६०४. दीड वर्ष लागलं तर ६३,८०४. म्हणजे महाग बिल आणि उशीर एकत्र आले की अनुदानाचा फायदा जवळपास संपतो, हे लोक म्हणतात ते खरं आहे.

१,००,००० चं बिल, एक वर्ष: २२,२०४ अधिक १२,००० = ३४,२०४. दीड वर्ष लागलं तरी ४०,२०४. इथे अनुदान स्पष्ट परवडतं, शिवाय माल मानांकित. त्यामुळे निर्णय बिलाच्या रकमेवर ठरवा. काही विक्रेते फक्त शेतकरी हिस्सा घेऊन उरलेल्या रकमेसाठी थांबतात. तसं असेल तर थांबण्याचा खर्च बिलात मिळवलाय का ते तपासा, बहुतेक वेळा मिळवलेला असतो. आणि अशा व्यवहारात कोरा चेक किंवा एटीएम कार्ड देऊ नका. करार लेखी असू द्या.

शिवारनोंद

यात जीएसटीची भर घालतो. ठिबक-तुषारवर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. त्याआधीचं दरपत्रक फाइलमध्ये असेल तर नवीन घ्या. दरपत्रकात १२ आणि बिलात ५ असं झालं की लेखा तपासणीत शंका निघते. आणि दरपत्रक तेच ठेवून मूळ किंमत वाढवली तर कराची सवलत विक्रेत्याच्या खिशात गेली असं समजा.

बोरकाठ

दरपत्रकात काय-काय बघायचं ते कुणी नीट लिहाल का? कंपनीचा माणूस आराखडा दाखवतो, सही घेतो, कळत काही नाही.

मीटरटेप

बोरकाठ भाऊ, आधी नळीची (लॅटरल) लांबी स्वतः काढा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ते दोन ओळींतल्या अंतराने भागा.

१.२ मीटर ओळ: ३,३७० मीटर
१.५ मीटर ओळ: २,७०० मीटर
१.८ मीटर ओळ: २,२५० मीटर

बांधाकडची जागा सोडल्यामुळे तीन ते पाच टक्के कमी भरेल. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर विचारा. दरपत्रकात लांबी मीटरमध्ये हवी. नुसतं '६ बंडल' लिहू देऊ नका, बंडल ४०० मीटरचंही असतं आणि ५०० चंही.

इथे एक नेहमीची गडबड होते. जास्त मापदंड मिळावा म्हणून विक्रेता १.२ × ०.६ चा आराखडा लावतो आणि शेतात नळी १.५ मीटरवर अंथरतो. हेक्टरी ८,३३३ मीटर लिहिलेली असते, प्रत्यक्षात ६,६६७ भरते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने दोन ओळींत टेप धरला की संपलं. प्रस्ताव शेतकऱ्याच्या नावाचा असतो, जबाबदारी त्याच्यावर येते.

दुसरं, मानांकन. इनलाइन नळीवर (ड्रिपर आतच बसवलेले असतात ती) आयएस १३४८८, साध्या लॅटरलवर आयएस १२७८६, ड्रिपरसाठी (थेंब सोडणारं तोंड) आयएस १३४८७, पीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५. नळीवर ठरावीक अंतराने कंपनीचं नाव, आयएस क्रमांक, परवाना क्रमांक, व्यास आणि क्लास छापलेला असतो. गाडी उतरवतानाच वाचा. क्लास २ लिहून क्लास १ ची पातळ नळी येण्याचे प्रकार होतात, आणि जमिनीवर अंथरल्यावर कुणी परत घेत नाही.

तिसरं पाणी, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २,७०० मीटर नळी, ४० सेंमीवर ड्रिपर, म्हणजे एकरी ६,७५० ड्रिपर. ताशी ४ लिटरचे असतील तर २७,००० लिटर तासाला. बोअर ताशी ९,००० लिटर देत असेल तर एकराचे तीन भाग करावे लागतात, तीन सबमेन (नळ्यांना पाणी देणारे उपपाइप) आणि तीन व्हॉल्व्ह. स्वस्त दरपत्रकात एकच व्हॉल्व्ह असतो. मग वरच्या ओळी भिजतात, शेवटच्या टोकाला थेंब येत नाही आणि पुढच्या हंगामात नळ्या गुंडाळून बांधावर पडतात. ताशी २ लिटरचा ड्रिपर घेतला तर दोनच भागांत काम होतं. बोअरचं पाणी आधी मोजा: २०० लिटरचं पिंप किती सेकंदात भरतं ते पाहा. ८० सेकंद लागले तर ताशी ९,००० लिटर.

बोरकाठ

हे कुणीच सांगत नाही. फिल्टर कुठला?

मीटरटेप

बोअरमधून वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन (वाळू वेगळी करणारा फिल्टर) आणि मागे स्क्रीन किंवा डिस्क. विहीर किंवा शेततळ्याचं शेवाळी पाणी असेल तर सँड फिल्टर आणि मागे स्क्रीन. स्वच्छ बोअर असेल तर एकटा स्क्रीन चालतो. नंतर घेऊ म्हणाल तर तो खर्च पूर्ण तुमचा, म्हणून पहिल्याच दरपत्रकात घालून घ्या. प्रत्येक सबमेनला फ्लश व्हॉल्व्ह (आतला गाळ धुऊन काढण्यासाठी) आहे का तेही बघा, तो हमखास वगळलेला असतो.

काजूवाडी

काजू-आंब्याला इनलाइन नको, हे इथे नोंदवते. ५ × ५ किंवा त्याहून लांब लागवडीला साधी लॅटरल आणि झाडाभोवती ऑनलाइन ड्रिपर (नळीवर बाहेरून बसवायचे). झाड वाढेल तसे ड्रिपर वाढवता येतात. इनलाइन घेतलं तर मधल्या मोकळ्या जागेत पाणी जातं. मापदंडही याच अंतराचा लागतो, म्हणून आंबा लावून १.५ × १.५ चा प्रस्ताव टाकू नका. ई-पीक पाहणीत फळझाडांची नोंद केलेली असेल तर ताडून पाहणं सोपं जातं.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत असाल तर लागवडीचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं जगल्यावर अवलंबून असतात: बागायतीला ९० टक्के, कोरडवाहूला ८० टक्के. त्यामुळे ठिबक पहिल्या उन्हाळ्याच्या आत बसेल असं पाहा. अर्ज दोन, कागद दोन, पण गट आणि क्षेत्र दोन्हीकडे सारखंच लिहा.

निशिगंध

मोका तपासणीला काय तयार ठेवायचं?

शिवारनोंद

संच चालू स्थितीत हवा. वीज नाही म्हणून बंद संचाचे फोटो काढले तर पुन्हा फेरी होते, तेव्हा भारनियमनाची वेळ पाहून बोलवा. सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) जागेवर अक्षांश-रेखांशासह फोटो घेतात. ते अर्जातल्याच गटात यायला हवेत. दोन गट लागून असतील आणि फिल्टर शेजारच्या गटातल्या विहिरीवर असेल तर ते आधीच सांगा आणि आराखड्यात दाखवा. पाणी दुसऱ्याच्या विहिरीचं असेल तर त्याचं संमतीपत्र. ७/१२ वर विहीर किंवा बोअरची नोंद नसेल तर ती आधी करून घ्यावी.

बिलावर शेतकऱ्याचं नाव आधारप्रमाणे, गट नंबर, प्रत्येक वस्तूची संख्या आणि पूर्वसंमतीनंतरची तारीख. पैसे बँकेतून दिलेले बरे, खातेउतारा हा पक्का पुरावा राहतो. दरपत्रकातल्या वस्तू आणि बिलातल्या वस्तू सारख्या हव्यात. जागेवर २०० मीटर नळी कमी लागली तर बिलही कमी लांबीचं घ्या, शेजाऱ्याला देऊन टाकू नका.

पाणंद

माझा प्रश्न बँकेचा. पोर्टलवर 'पेमेंट' झालंय, अर्जात दिलेल्या पासबुकात काहीच नाही. बँक म्हणते आधार लिंक आहे.

सातबारा_वाचक

पाणंद, बँकेने 'लिंक' म्हटलं त्याचा अर्थ एवढाच की त्यांच्या नोंदीत तुमचा आधार नंबर आहे. डीबीटीची (सरकारकडून थेट खात्यात येणारी) रक्कम जाते ती एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत तुमच्या आधारसमोर जी बँक आहे तिथे. ती नोंद एकाच बँकेची असते, शेवटी जिथे संमती दिली तिची. नवीन खातं उघडताना एका खुणेवर सही होते आणि पैसे तिकडे वळतात. माय-आधार संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, बँकेचं नाव दिसेल. तुमची रक्कम बहुधा तिथेच आहे.

हवी ती बँक लावायची तर त्या शाखेत आधार सीडिंगचा (एनपीसीआयच्या नोंदीत आधारला बँक जोडण्याचा) संमती फॉर्म द्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा. हे मोका तपासणीच्या आधी करा. पेमेंटची फाइल निघाल्यावर बदल केला तर व्यवहार नापास होऊन परत फिरतो. केवायसी थकल्याने गोठलेलं खातं असेल तरी तेच. पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते ज्या खात्यात येतात तेच हे खातं असतं, तेव्हा तिथून अंदाज बांधता येतो.

बोरकाठ

अनुसूचित जाती-जमातीसाठी ९० टक्के म्हणतात ते वेगळं भरायचं का?

शिवारनोंद

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन (अनुसूचित जाती) आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती (अनुसूचित जमाती) या योजनांतून वरची भर पडून ९० टक्क्यांपर्यंत जातं. जातीचा दाखला अर्जाच्या वेळी प्रोफाइलमध्ये चढवलेला हवा. प्रवर्ग आधी न भरता पूर्वसंमती घेतली तर ती सर्वसाधारणमधून निघते आणि मग बदल करायला पूर्ण प्रस्ताव मागे घ्यावा लागतो.

पाणंद

सातबारा_वाचक, सापडलं. जुन्या बचत खात्याची बँक दिसते आहे. उद्या उतारा काढतो. भावकीतल्या एकाची वेगळी अडचण आहे: मोका तपासणी होऊन बरेच महिने झाले, स्टेटस हलत नाही. कार्यालयात 'निधी आला की होईल' एवढंच उत्तर.

सातबारा_वाचक

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. स्टेटसमध्ये व्यवहार नापास दिसत असेल तर सीडिंग दुरुस्त करून तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवा, फाइल पुन्हा पाठवावी लागते, आपोआप जात नाही. खरोखर निधीच नसेल तर अर्जदाराच्या हातात कागद दुरुस्त करण्यासारखं काही राहत नाही. तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज करा. जोडपत्र 'अ', १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवस. प्रश्न नेमके ठेवा:

१) अर्ज क्रमांक अमुकची मोका तपासणी कोणत्या तारखेला मंजूर झाली आणि प्रस्ताव सध्या कोणत्या टेबलावर आहे?
२) सदर आर्थिक वर्षात तालुक्याला केंद्र हिस्सा व पूरक अनुदान यांपोटी स्वतंत्रपणे किती निधी, कोणत्या तारखांना प्राप्त झाला?
३) मोका तपासणी पूर्ण पण अनुदान प्रलंबित अशा प्रस्तावांची ज्येष्ठता यादी आणि त्यात या अर्जाचा क्रमांक.

'अनुदान का मिळालं नाही' असा प्रश्न लिहू नका, त्याला 'निधीअभावी' एवढंच उत्तर येतं. तिसऱ्या प्रश्नाची यादी हातात आली आणि नंतरच्या क्रमांकाला आधी पैसे गेलेले दिसले, तर ती यादी जोडून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या आणि पोच घ्या.

पाणंद

पोचसकट करायला सांगतो. अर्ज क्रमांक घेऊन रविवारी बसतो त्याच्याबरोबर.